लॅपटॉप हॅक झालाय असं वाटतं, कर्सर आपोआप हलतो. काय करू? (म्हापसा)

आधी टचपॅड कोरडा पुसून बघा. आपल्याकडच्या पावसाळी दमट हवेत, घामट बोटांनी कर्सर असाच नाचतो. पण तो नेमका जाऊन फाइली उघडत असेल, तर वायफाय ताबडतोब बंद करा.

पासवर्ड त्याच लॅपटॉपवरून बदलू नका. कीलॉगर (टाइप केलेलं सगळं चोरून टिपणारा प्रोग्राम) बसलेला असेल तर नवा पासवर्डही आयताच हॅकरच्या हाती पडेल. मोबाइलवरून बदला, आधी ईमेलचा, मग बँकेचा. गूगल खात्यात अनोळखी डिव्हाइस दिसलं तर साइन आउट करा, टू-स्टेप (पासवर्डनंतर आणखी एक खातरजमा) चालू करा.

मग इन्स्टॉल केलेल्या ॲप्समध्ये एनीडेस्क, टीमव्ह्यूअर (दुरून दुसऱ्याला लॅपटॉप चालवू देणारी ॲप्स) आहे का पाहा. कुणा 'कस्टमर केअर'वाल्याने घालायला लावलेलं तसंच राहून जातं. बहुतेकदा घोळ तिथेच असतो. ते काढा आणि विंडोज डिफेंडरचा ऑफलाइन स्कॅन चालवा. लॅपटॉप रीस्टार्ट होतो, साधारण 15 मिनिटं लागतात. तरीही शंका उरली तर फोटो-कागदपत्रं बाजूला काढून विंडोज नव्याने टाका.

खात्यातून पैसे गेले असतील तर मात्र हे सगळं नंतर, आधी 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा. गोव्याचं सायबर पोलीस ठाणं रायबंदरला आहे, पण तिथे पोचेपर्यंत थांबू नका.