ॲपला लॉगिन-पासवर्ड आहेच, मग डेटाबेसमध्ये वेगळ्या परवानग्या कशाला लावायच्या?

भाऊ, तुमचं ॲप धानोरा तालुक्यातल्या सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या तपासणीचं. नोंदणीवाल्याचं लॉगिन वेगळं, डॉक्टरांचं वेगळं, पण आतून सगळं एकाच डेटाबेस युजरवर चालतं, असं तुम्ही लिहिलंय. अडचण तिथंच आहे. एखाद्या क्वेरीत 'व्हेअर' (कुठल्या ओळी हव्यात ती अट) लिहायचं राहिलं की नोंदणीवाल्या पोराला अख्ख्या तालुक्याचे रिपोर्ट दिसणार. डेटाबेस त्याला अडवणार नाही, कारण त्याच्या लेखी विचारणारा एकच.

नावाचा कॉलम झाकला की झालं, असंही समजू नका. चाळीस घरांच्या टोल्यावर 'मुलगी, वय १९, एएस' एवढ्यावरच सगळ्यांना कळतं कोण ते. एएस म्हणजे फक्त वाहक, आजारी नव्हे. पण सोयरीक जुळवताना हे ऐकून कोण घेतं?

पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये मी रुग्णाची माहिती एका टेबलात आणि तपासणीचा निकाल दुसऱ्यात ठेवतो. नोंदणीच्या रोलला (म्हणजे त्या कामाच्या डेटाबेस युजरला) निकालाच्या टेबलावर कुठलाच ग्रँट, म्हणजे परवानगी, नाही. डॉक्टरांच्या रोलला सिलेक्ट (वाचणं), इन्सर्ट (नवी नोंद घालणं). डिलीट कुणालाच नाही. प्रत्येक रोलचं कनेक्शन आणि पासवर्ड वेगळा. मग नोंदणीच्या पानातून कुणी एसक्यूएल इंजेक्शन केलं, म्हणजे फॉर्ममधून स्वतःची क्वेरी घुसवली, तरी निकालाचं टेबल त्याला उघडत नाही.

कुठल्या नर्सबाईंना कुठल्या गावच्या ओळी दिसाव्यात, यासाठी रो लेव्हल सिक्युरिटी, म्हणजे ओळीनिहाय बंधनाच्या पॉलिसी, ती पोस्टग्रेसच्या ९.५ आवृत्तीपासून आहे. उपकेंद्राचा क्रमांक 'सेट लोकल'नं त्या ट्रान्झॅक्शनपुरताच (एका वेळच्या कामापुरताच) द्या. नुसत्या 'सेट'नं दिलात तर पूलमधलं (आळीपाळीनं वापरायच्या कनेक्शनांमधलं) तेच कनेक्शन पुढच्या बाईंना मिळतं आणि त्यांना भलतंच गाव दिसतं. हा क्रमांक ॲपच ठरवतं, म्हणून इंजेक्शन करणारा तो बदलूही शकतो. राहून गेलेल्या 'व्हेअर'वर हा इलाज चालतो, चोरासाठी वरचे वेगळे रोलच हवेत.

बहुतेक जण फसतात ते पुढं. सुपरयुजरला, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या युजरला, या पॉलिसी लागूच होत नाहीत. टेबलाच्या मालकालाही 'फोर्स' लावल्याशिवाय होत नाहीत. ॲप 'पोस्टग्रेस' नावाच्या सुपरयुजरनंच जोडलेलं असेल तर सगळी मेहनत पाण्यात. व्ह्यू (साठवून ठेवलेली क्वेरी, टेबलासारखी वापरता येणारी) सुद्धा त्याच्या मालकाच्या अधिकारानं चालतो. आवृत्ती १५ पासून 'सिक्युरिटी इन्व्होकर' आलंय, म्हणजे व्ह्यू विचारणाऱ्याच्या अधिकारानं चालतो; ओळी दाखवणाऱ्या व्ह्यूंना ते लावा. मायएसक्यूएलमध्ये मात्र ओळींचं असं बंधन नाही, तिथं व्ह्यूवर भागवावं लागतं.

आणि एक्सेल एक्सपोर्टचं बटण! एकदा फाईल व्हॉट्सॲप ग्रुपवर पडली की कुठलाही ग्रँट कामाचा नाही. एक्सपोर्टसाठी वेगळा रोल करा, त्याला फक्त एकूण आकड्यांचा व्ह्यू द्या, आणि आकडे गावनिहाय न देता प्राथमिक आरोग्य केंद्रनिहाय द्या.