नवीन इलेक्ट्रिक एअरसॉफ्ट रायफलमध्ये आधी काय बदलावं आणि निगा कशी राखावी?

स्प्रिंगला हात लावू नका, एवढं आधी सांगतो. नवखे लोक हटकून तिथेच धावतात. स्प्रिंग कडक झाली की गिअर, पिस्टन आणि मोटर सगळ्यांवर ताण येतो, शिवाय प्लास्टिकच्या छर्र्याचा वेग मैदानाच्या मर्यादेबाहेर गेला तर खेळूच देत नाहीत.

नेम सुधारायचाय ना? मग हॉप-अपचं रबर बदला. छर्र्याला उलटी फिरकी देऊन लांबवर सरळ नेणारा हाच तो इवलासा तुकडा. सोबत ०.२० ऐवजी ०.२५ किंवा ०.२८ ग्रॅमचे चांगले छर्रे घ्या. महागड्या नळीचा नाद त्यानंतर, खरं तर बहुतेकांना त्याची गरजच पडत नाही.

नळी साफ करताना हॉप-अप पूर्ण बंद ठेवा, सफाईच्या काडीला कोरडं कापड गुंडाळा आणि ते स्वच्छ बाहेर येईपर्यंत फिरवा. तेल नकोच, रबराला लागलं की फिरकी बिघडते आणि छर्रे वाट्टेल तिकडे जातात.

बॅटरी ७.४ व्होल्टची लिपो (लिथियम-पॉलिमर) पुरे. ११.१ व्होल्टची लावायची तर आधी मॉसफेट (मोटरचा प्रवाह चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) बसवा, नाहीतर ठिणग्यांनी ट्रिगरचे कॉन्टॅक्ट जळतात. लिपो ठेवून देताना प्रत्येक सेल साधारण ३.८ व्होल्टवर असावा.

खेळ संपला की मॅगझिन काढून, डोळ्यांवरचा संरक्षक चष्मा तसाच ठेवून, सुरक्षित दिशेला सेमीवर (एका दाबाला एकच छर्रा) एक-दोनदा ट्रिगर दाबा. आत अडकलेला छर्रा निघतो. मग बॅटरी काढा.