शक्तीच्या गोळ्यांची बरणी

"मॅडम, ह्यानं पेशी वाढत्यात का?" ताईंनी पिशवीतून बरणी काढून टेबलावर ठेवली. झिंक, सेलेनियम, मॅग्नेशियम, लोह. किंमत १,४०० रुपये.

ताई चार वर्षं टीएलडीवर, म्हणजे एचआयव्हीच्या रोजच्या गोळीवर आहेत. व्हायरल लोड, म्हणजे रक्तातला व्हायरस, तपासणीत सापडत नाही, पण सीडीफोर, म्हणजे एचआयव्ही ज्यांना मारतो त्या पांढऱ्या पेशी, ३८० च्या पुढं सरकेनात. औषधं मिळतात त्या सेंटरवर ओळख झालेल्या बाईच्या पेशी ५०० पार गेल्या, तेव्हापासून यांचा जीव खालीवर.

हा प्रश्न सारखाच येतो. मी आधी विचारते, घेता कधी?

त्यांनी एक छोटी स्टीलची डबी उघडली. टीएलडीची बाटली खुळखुळते, घरात सासूला माहीत नाही, म्हणून आठवड्याच्या गोळ्या डबीत. बरणीतल्याही त्यातच. जेवण साडेसातला, दोन्ही गोळ्या दहाला, एकाच घोटात.

घोळ इथं होता. टीएलडीतलं डोल्युटेग्राविर पोटात या खनिजांना चिकटतं आणि रक्तात कमी उतरतं. ॲसिडिटीच्या पातळ औषधाचंही तेच. त्यामुळं टीएलडी खनिजांच्या आधी दोन तास घ्यायची, नाहीतर नंतर सहा तासांनी. नुसतं लोह किंवा कॅल्शियम असेल तर जेवणासोबत ते आणि टीएलडी एकदम चालतात. पण दहाला ताईंचं पोट रिकामंच.

बोट्सवानातल्या, २०१३ साली छापून आलेल्या एका अभ्यासात सेलेनियम आणि जीवनसत्त्वं एकत्र दिल्यावर पेशींची घसरण मंदावल्याचं दिसलं होतं, पण ते लोक एचआयव्हीच्या औषधांवर नव्हतेच. विकणारा हे कशाला सांगेल? शिवाय जास्त झिंक महिनोन्‌महिने घेतलं तर शरीरातलं तांबं घटतं, आणि त्यानं पांढऱ्या पेशीच कमी होतात. ३८० चा आकडा तर सर्दी-तापानंही खालीवर होतो. व्हायरस दाबलेला आहे ना, मी आधी तेच बघते.

डॉक्टरांनी रक्त तपासलं. हिमोग्लोबिन कमी निघालं, म्हणून लोहाची गोळी तेवढी दिली, सकाळच्या भाकरीनंतर. बरणी बंद.

"म्हणजे चौदाशे गेले की!" ताई म्हणाल्या. मी काय बोलणार!

पुढच्या महिन्यात तीच बरणी पुन्हा टेबलावर आली. माझा चेहरा बघून त्या हसल्या आणि झाकण काढलं. आत टीएलडी, वर कापसाचा बोळा, बाटलीतली ओल शोषणारी पुडीही न विसरता टाकलेली.

"आता फळीवर सगळ्यांसमोरच ठेवते. सासूबाईंनी विचारलं तर शक्तीच्या गोळ्या म्हणून सांगते."