युसीला (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाला) अप्लाय करतोयस? आधी हे बघ
अरे, बारावीनंतर पुण्यात इंजिनिअरिंगला रेग्युलर सेमिस्टर केलंयस ना, मग युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियात तू फ्रेशमन (शाळेतून थेट पहिल्या वर्षाला येणारा) नाहीस, ट्रान्सफर (दुसऱ्या कॉलेजातून येणारा) आहेस, फॉर्म भरताना हे लपवायचं नाही हं. ट्रान्सफरला साधारण ६० सेमिस्टर युनिट्स (कोर्सची क्रेडिट्स) लागतात आणि कॅलिफोर्नियाबाहेरच्यांना किमान २.८ जीपीए (४ पैकी सरासरी ग्रेड), म्हणजे एका वर्षावर भागत नाही, त्यात इंग्लिश कंपोझिशनचे (इंग्लिश लेखनाचे) दोन कोर्स आणि एक मॅथ्सचा हवाच, आपल्याकडे नेमका इंग्लिशचाच घोळ होतो बघ. कॅलिफोर्नियातल्या कम्युनिटी कॉलेजमधून (दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजमधून) येणाऱ्यांना आधी घेतात, खर्च झेपत असेल तर तो रस्ता बघच. सॅटच्या (अमेरिकेतल्या कॉलेज प्रवेश परीक्षेच्या) क्लासला पैसे घालू नकोस, स्कोअर ॲडमिशनसाठी बघतच नाहीत. फॉर्ममध्ये स्वतःबद्दलच्या प्रश्नांची चार छोटी उत्तरं लिहायची असतात, प्रत्येकी ३५० शब्दांत, ती मात्र स्वतःची लिही, एजंटकडून नको.