कोपरातील तारा काढताना मुलाला भूल हवी का?

प्रश्न : झोपाळ्यावरून पडून माझ्या सहा वर्षांच्या मुलाचे कोपराच्या वरचे हाड मोडले. शस्त्रक्रिया करून दोन तारा घातल्या असून त्यांची टोके प्लास्टरच्या आत, पण त्वचेबाहेर ठेवली आहेत. चौथ्या आठवड्यात त्या ओपीडीतच, भूल न देता काढू, असे डॉक्टरांनी सांगितले आहे. मुलगा सुई पाहूनच घाबरतो. सासूबाईंचे म्हणणे असे की, त्याला आधी काही सांगू नये आणि ऐनवेळी चौघांनी धरावे. आम्ही भूल देण्याचा आग्रह धरावा का?
— एक आई, सातारा

उत्तर : तारांची टोके बाहेर ठेवतात ती याचसाठी, की हाड जुळल्यावर त्या काढायला दुसऱ्यांदा भूल द्यावी लागू नये. या वयात हे हाड साधारण तीन ते चार आठवड्यांत पुरेसे जुळते, तारा गुळगुळीत असतात आणि एकेक तार निघायला काही सेकंद लागतात. तेवढ्यासाठी उपाशी ठेवून पूर्ण भूल देणे बहुतेक मुलांना आवश्यक नसते. मात्र भूल नाही म्हणजे वेदनेवर काहीच उपाय करायचा नाही, असा अर्थ सर्रास घेतला जातो आणि तो मला मुळीच मान्य नाही.

तारा काढण्याच्या अर्धा ते एक तास आधी पॅरासिटामॉल द्यावे का, हे डॉक्टरांना आदल्या भेटीतच विचारा. एका वेळची मात्रा वजनाच्या दर किलोला 15 मिलिग्रॅम धरतात, म्हणजे 18 किलोच्या मुलाला 270 मिलिग्रॅम. बाजारातल्या सिरपमध्ये 5 मिलिलिटरला कुठे 120, कुठे 250 मिलिग्रॅम औषध असते. म्हणून ‘एक चमचा’ असा हिशेब न करता बाटलीवरचा आकडा वाचून मापानेच द्यावे. आयबुप्रोफेनही चालते, पण दमा, मूत्रपिंडाचा आजार, जुलाब-उलट्या किंवा डेंग्यूची शंका असेल तर ते विचारल्याशिवाय देऊ नये. निमेसुलाइडला 12 वर्षांखालील मुलांसाठी आपल्या देशात 2011 पासून बंदी आहे. तार निघतानाची कळ या औषधांनी पूर्णपणे थांबत नाही. प्लास्टर निघाल्यावर ताठरलेला कोपर ठणकतो, तेव्हा त्यांचा अधिक उपयोग होतो. बधिर करणारे मलम अखंड त्वचेवर सुमारे तासभर झाकून ठेवावे लागते, तारेभोवती तर जखम असते, त्यामुळे ते येथे फारसे कामाचे नाही.

राहिली भीती, आणि माझ्या मते उपचाराची सर्वांत जास्त गरज तिलाच आहे. प्लास्टर कापणाऱ्या यंत्राचा आवाज ऐकूनच अनेक मुलांचा धीर सुटतो. त्याचे पाते गोल फिरत नसून अगदी थोड्या अंतरात थरथरते, त्यामुळे कडक प्लास्टर कापले जाते आणि मऊ त्वचा सहसा वाचते. हे मुलाला त्याच्या भाषेत सांगावे, कानांवर हेडफोन लावावेत. पाते तापूही शकते, तेव्हा ‘गरम लागतंय’ असे तो म्हणाला तर त्यावर विश्वास ठेवून यंत्र थांबवायला सांगावे. सासूबाईंचा हेतू मायेचा आहे, पण न सांगता नेलेले मूल पुढच्या प्रत्येक तपासणीला आपल्यावर अविश्वास दाखवते. आदल्या संध्याकाळी, ‘थोडं दुखेल, पण लवकर संपेल’ असे खरे सांगावे; ‘काहीच होणार नाही’ असे म्हणू नये. त्याला मांडीवर घेऊन बसता येईल का, हे विचारावे. पक्कड त्याच्या नजरेआड राहावी, त्याने फुंकर मारत साबणाचे फुगे सोडावेत किंवा आवडता व्हिडिओ पाहावा. हात स्थिर ठेवायला एखाद्याचा आधार लागतो, परंतु चौघांनी दाबून धरण्याची वेळ आली, तर थांबणे हाच योग्य निर्णय असतो.

अशा वेळी, किंवा तारेचे टोक त्वचेखाली गेले असेल, तर गुंगी किंवा थोडा वेळ भूल मागण्यात संकोच करू नका. ती भूलतज्ज्ञाच्या देखरेखीखालीच द्यावी. झोपेचे औषध घरून पाजून आणू नये.

तारा निघाल्यावर रक्ताचा थेंब येणे स्वाभाविक आहे. ताप, पू किंवा वाढती सूज दिसल्यास लगेच दाखवावे. कोपर काही आठवडे ताठ राहील, पण तो मुलाला खेळता खेळता आपणहून हलवू द्यावा. तेल लावून मालीश करणे किंवा कोणाकडून ओढून सरळ करून घेणे कटाक्षाने टाळावे, कारण त्याने स्नायूत हाड तयार होऊन कोपर कायमचा आखडू शकतो.