बायोमिमिक्री : अनुकरण की अनुसरण?

प्रश्न असा आला आहे : 'विज्ञानविषयक मराठी लेखनात बायोमिमिक्रीसाठी कुठे जैवअनुकरण, कुठे निसर्गानुकरण, तर कुठे जैवप्रेरित तंत्रज्ञान असे लिहिलेले दिसते. यांतला नेमका शब्द कोणता? आणि जैवतंत्रज्ञानापेक्षा ही गोष्ट वेगळी कशी?'

बायोमिमिक्री म्हणजे सजीवांच्या युक्त्या पाहून, शिकून त्या आपल्या वस्तूंत आणि यंत्रांत वापरणे. प्रश्नाचा दुसरा भाग आधी घेतो, कारण तो सुटला की पहिला निम्मा सुटतो.

'जैव' हे विशेषण मराठीत आता चांगले रुळले आहे. जैवइंधन, जैवखत, जैवविविधता, जैवतंत्रज्ञान. यांतल्या प्रत्येक शब्दात 'जैव' म्हणजे सजीवांचे, सजीवांपासून झालेले किंवा सजीवांकडून काम करून घेणारे. जैवखतात जिवाणू असतात, जैवइंधन वनस्पतींपासून किंवा शेवाळापासून मिळते. त्यामुळे 'जैव' म्हटले की वाचक त्या वस्तूत जीव शोधू लागतो, आणि त्याचे ते शोधणे बरोबरच असते. नेदरलँड्समधल्या डेल्फ्ट विद्यापीठात हेंक जोंकर्स यांनी स्वतःच्या भेगा बुजवणारे काँक्रीट तयार केले. त्यात जिवाणूंचे बीजाणू आणि त्यांचे खाद्य मिसळलेले असते. भेग पडून आत पाणी शिरले की बीजाणू जागे होतात, ते खाद्य वापरतात आणि भेगेत चुनखडी साठत जाते. या काँक्रीटला 'जैवकाँक्रीट' म्हणायला कोणाचीच हरकत नसावी, कारण काम करणारे जिवाणू खरोखरच त्यात असतात.

आता कमळाच्या पानाचे पाहू. या पानावर डोळ्यांना न दिसणारे उंचवटे असतात आणि त्या उंचवट्यांवर मेणाचे त्याहून बारीक कण असतात. पाण्याचा थेंब फक्त टोकांवर टेकतो, जवळजवळ गोल राहतो आणि घरंगळताना धूळही बरोबर घेऊन जातो. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ विल्हेल्म बार्थलॉट यांनी हे कोडे उलगडले आणि त्या तत्त्वावर बाहेरच्या भिंतींना देण्याचा रंग 1999 मध्ये बाजारात आला. त्या रंगात कमळ नाही, पान नाही, एकही जिवंत पेशी नाही. जीवाकडून घेतली ती फक्त युक्ती. (हा गुण आपल्या भाषेने फार पूर्वी टिपलेला आहे. गीतेत 'पद्मपत्रमिवाम्भसा', म्हणजे पाण्याने न भिजणाऱ्या कमळपानासारखा, असे आहे आणि मराठीत 'अळवावरचे पाणी' आहे. अळवाच्या पानाची घडणही अशीच असते.)

म्हणून जोंकर्स यांचे काँक्रीट हे जैवतंत्रज्ञान आणि बार्थलॉट यांच्या शोधावरचा रंग म्हणजे बायोमिमिक्री. एकात जीवाला कामाला लावले आहे, दुसऱ्यात जीवाकडून शिकून काम आपण केले आहे. 'जैवअनुकरण' या शब्दातला 'जैव' नेमकी हीच सीमारेषा पुसतो. समासाची फोड केली तरी अडचण दिसते. 'जैव असे अनुकरण' म्हणजे जीवांमध्ये चालणारे अनुकरण, असाच अर्थ आधी मनात येतो. आणि तशी गोष्ट जीवशास्त्रात खरोखर आहे. हेन्री वॉल्टर बेट्स यांनी 1862 मध्ये ॲमेझॉनच्या खोऱ्यातली अशी फुलपाखरे दाखवून दिली, की जी स्वतः खाण्याजोगी असूनही पक्ष्यांना नकोशा वाटणाऱ्या फुलपाखरांसारखी दिसतात. मिमिक्री ही संज्ञा जीवशास्त्रात तेव्हापासून या प्रकारासाठी आहे. तिथे सोंग घेणारे फुलपाखरू असते, इथे शिकणारा माणूस. हा गोंधळ टाळायचा तर 'जैव' काढून 'जीव' घ्यावा : जीवाचे अनुकरण, जीवानुकरण.

पण मग 'अनुकरण' तरी बसते का?

इंग्रजी शब्दांच्या पोटात अनुकरणच आहे हे खरे. अमेरिकी शास्त्रज्ञ ऑटो श्मिट यांनी 1950 च्या दशकात 'बायोमिमेटिक्स' हा शब्द केला, तो ग्रीक 'बायोस' म्हणजे जीवन आणि 'मिमेसिस' म्हणजे अनुकरण यांवरून. इलेक्ट्रॉनिक्स शिकलेल्यांना ठाऊक असलेले 'श्मिट ट्रिगर' हे विद्युतमंडल (सर्किट) त्यांचेच, आणि त्याचे मूळ त्यांनी केलेल्या माखलीवर्गीय प्राण्याच्या मज्जातंतूंच्या अभ्यासात आहे. 'बायोमिमिक्री' हा शब्द सर्वतोमुखी झाला तो अमेरिकी लेखिका जनीन बेन्यस यांच्या 1997 च्या पुस्तकामुळे.

आपल्याकडेही 'अनुकरण' मुळात हलका शब्द नाही. नाट्यशास्त्रात नाट्याला 'लोकवृत्तानुकरण' म्हटले आहे आणि तिथे तो गौरवाचाच शब्द आहे. आजच्या मराठीत मात्र तो 'अंधानुकरण'च्या शेजारी राहून राहून उतरला. 'ते तर नुसते अनुकरण' असे म्हटले की पुढचे ऐकायचीही गरज उरत नाही. तरी माझा मुख्य आक्षेप प्रतिष्ठेचा नाही. या क्षेत्रातली चांगली कामे पाहिली तर त्यांत हुबेहूब उतरवण्यापेक्षा निवड जास्त असते, आणि ती निवड 'अनुकरण' या शब्दात दिसत नाही.

उड्डाणाचा इतिहास यासाठी सर्वांत बोलका आहे. फ्रान्सच्या क्लेमाँ आदेर यांनी 1890 मध्ये वटवाघळासारख्या पंखांचे वाफेवर चालणारे यंत्र बनवले. ते जमिनीपासून जेमतेम उचलले गेले, पण त्याला ताब्यात ठेवून उडवण्याची सोय नव्हती. राइट बंधूंनीही पक्षीच पाहिले, पण वेगळ्या नजरेने. पक्षी पंखांची टोके किंचित पिळून तोल सावरतो हे त्यांनी हेरले, आपल्या विमानाचे पंख दोरांनी पिळण्याची योजना केली, आणि 1903 मध्ये ते उडाले. पंख फडफडवणे त्यांनी घेतले नाही, पिसे घेतली नाहीत. पक्ष्याचे रूप नव्हे, तोल राखण्याची रीत घेतली.

जपानच्या शिंकानसेन या वेगवान रेल्वेगाडीचेही तसेच. वेगाने बोगद्यात शिरणारी गाडी पुढची हवा दाबत नेते आणि बोगद्याच्या दुसऱ्या तोंडाशी स्फोटासारखा आवाज होतो. अभियंते एइजी नाकात्सु स्वतः पक्षिनिरीक्षक होते. हवेतून पाण्यात सूर मारणारा खंड्या पाण्याचे शिंतोडे फारसे उडू देत नाही, हे त्यांना माहीत होते. हलक्या माध्यमातून जड माध्यमात शिरणे हीच गाडीचीही अडचण होती. 1997 मध्ये सुरू झालेल्या 500 मालिकेच्या गाड्यांना खंड्याच्या चोचीवरून बेतलेले लांब नाक मिळाले आणि त्या ताशी 300 किलोमीटर वेगाने धावू लागल्या. खंड्या आणि गाडी यांच्यात साम्य शोधले ते प्रश्नाचे, उत्तर त्यामागून आले. या पद्धतीतला हा भाग मला सर्वांत देखणा वाटतो.

झिंबाब्वेची राजधानी हरारे इथल्या ईस्टगेट सेंटरचे उदाहरण तर 'अनुकरण' शब्दाला पुरतेच अडचणीत आणते. मिक पिअर्स यांनी ही इमारत वाळवीच्या वारुळावरून कल्पना घेऊन योजली आणि ती 1996 मध्ये उभी राहिली. नेहमीच्या वातानुकूलनाऐवजी तिथे रात्रीच्या गारव्याचा आणि उंच धुराड्यांवाटे वर जाणाऱ्या हवेचा उपयोग केला आहे. पुढे वारुळांचा बारकाईने अभ्यास झाला, तेव्हा ती आतले तापमान राखतात ही समजूतच डळमळली. वारुळाचे काम वायूंची देवाणघेवाण, फुप्फुसाच्या जवळ जाणारे, असे दिसू लागले. इमारत मात्र ठरल्याप्रमाणे गार राहत होती. ज्याचे अनुकरण केले ते मुळात तसे नव्हतेच, तर या इमारतीला अनुकरण कसे म्हणणार? प्रेरणा मात्र नक्की म्हणता येते.

उलट बाजूही सांगायला हवी. स्विस अभियंते जॉर्ज द मेस्त्राल यांनी 1941 मध्ये कुत्र्याच्या केसांत अडकलेली काटेरी फळे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. प्रत्येक काट्याच्या टोकाला आकडी होती. त्यांनी एका पट्टीवर आकड्या आणि दुसरीवर धाग्यांचे फासे केले. हेच वेल्क्रो. इथे घडण जवळजवळ जशीच्या तशी उचलली आहे, आणि इथे 'अनुकरण' म्हटले तर मी अडवणार नाही.

राहिला 'निसर्ग'. निसर्गानुकरण हा शब्द कानाला गोड आहे, शालेय पुस्तकात तो चालेलही. पण निसर्गात डोंगर, नद्या, वारा, स्फटिक सगळेच येते, आणि चित्रकाराने सूर्यास्त रंगवला तर तेही निसर्गानुकरणच. शास्त्रीय संज्ञेला एवढी ऐसपैस जागा परवडत नाही.

माझी पसंती 'जीवानुसरण'ला आहे. अनुसरणात मागोवा घेणे आहे, कोणाच्या तरी वाटेने जाणे आहे, पण पाऊल आपलेच असते. आपण तत्त्व अनुसरतो, मार्ग अनुसरतो. तत्त्वाची नक्कल करत नाही. 'अनुसरून' हे रूप तर रोजच्या मराठीत आहेच : 'कमळपानाच्या घडणीला अनुसरून केलेला रंग' हे वाक्य अडखळत नाही. शब्द नपुंसकलिंगी, विशेषण 'जीवानुसारी' : जीवानुसारी रचना, जीवानुसारी यंत्रमानव. जिथे युक्ती नेमकी उचललेली नसून केवळ कल्पना सुचली आहे, ईस्टगेटसारखी, तिथे 'जीवप्रेरित' लिहावे. पहिल्यांदा वापरताना सोबत 'बायोमिमिक्री'ही लिहावे, म्हणजे वाचकाला शोधायला सोपे जाईल. आणि ज्या वस्तूत जिवाणू, बुरशी किंवा पेशी प्रत्यक्ष राबत असतील, तिथे 'जैव' निःशंक ठेवावे.