कोंबड्यांना बाधणार नाही असं उंदराचं विष कोणतं?

असं विष नाही. खरं तर उत्तर इथेच संपलं, पण एवढ्यानं तुमचे उंदीर जाणार नाहीत, म्हणून पुढचं लिहितोय.

तुम्ही सांगितलंत की परसात आठ कोंबड्या आहेत, खुराड्याला लागून जाळीचं आवार आहे. दोन खटक्याचे सापळे लावलेत, पहिल्या रात्री एक उंदीर मिळाला, मग आठवडाभर काहीच नाही, आणि आता भर दुपारीसुद्धा एखादा पळताना दिसतो. सगळं लिहिलंत, फक्त रात्री खाद्याचं भांडं कुठे असतं ते राहिलं. म्हणजे ते आवारातच असणार, आणि भरलेलं असणार. उंदीर कोंबड्यांसाठी आलेले नाहीत, त्या भांड्यासाठी आलेत. दुपारी दिसतात याचा अर्थ संख्या बरीच वाढलीय. रात्रीच्या पंगतीला दांडगे बसतात, ज्यांना जागा मिळत नाही ते उन्हात बाहेर पडतात.

किती असतील याचा अंदाज वजनकाट्यावर येतो. कोंबड्या रात्री झोपायला दांडीवर चढल्या की भांड्यातलं खाद्य तोला. पहाटे त्या उतरायच्या आत पुन्हा तोला. मोठा उंदीर दिवसाला साधारण २५ ते ३० ग्रॅम खातो. रात्रीत ३०० ग्रॅम गेलं असेल तर दहा-बारा पाहुणे जेवून गेले. आकडा काटेकोर नसतो, कारण ते बिळात नेऊन साठवतात आणि सांडतातही. पण पाच आहेत की पन्नास, एवढं कळतं. अंड्यावरची कोंबडी दिवसाला ११० ते १२० ग्रॅम खाते. म्हणजे चार उंदीर पोसणं आणि एक अंडं न देणारी कोंबडी पोसणं सारखंच.

तर पहिलं काम: अंधार पडला की भांडं उचला. आणि हे म्हटलं रे म्हटलं की ठरलेलं उत्तर येतं, "रात्री उपाशी ठेवलं की अंडी कमी होतात." हे वाक्य मी इतक्या वेळा आणि इतक्या जाणत्या माणसांकडून ऐकलंय की आता त्याचा रागच येतो. तुम्हालाही कोणी ना कोणी ऐकवणारच, म्हणून इथेच त्याचा निकाल लावतो.

कोंबडी अंधारात खात नाही. तिला अंधारात दिसत नाही, एकदा दांडीवर बसली की उजाडेपर्यंत ती उतरत नाही. झोपायच्या आधी ती गळ्याखालची पिशवी ठासून भरून घेते आणि रात्रभर ती हळूहळू रिकामी होत राहते. संध्याकाळी दांडीवर बसलेल्या कोंबडीची छाती चाचपून बघा, लिंबाएवढा किंवा त्याहून मोठा टणक गोळा हाताला लागतो. पहाटे तीच जागा सपाट असते. तिचं रात्रीचं जेवण ते. भांडं रात्री कोणासाठी ठेवायचं, तर उंदरांसाठी.

त्या वाक्यात तथ्य आहे, पण अर्धंच. एक अंडं तयार व्हायला २४ ते २६ तास लागतात आणि त्यातले २० च्या आसपास तास कवच चढण्यात जातात. त्यातला मोठा हिस्सा रात्रीचा, त्यामुळे कॅल्शियमची खरी गरज रात्री लागते. पण ते कॅल्शियम येतं संध्याकाळपर्यंत पोटात गेलेल्यातून, आणि तेवढं पुरलं नाही तर हाडांतून. रात्री भरून ठेवलेल्या भांड्यातून एक कणही येत नाही. यावरचा उपाय वेगळा आहे. शिंपल्याचा जाड चुरा, साधारण २ ते ४ मिलिमीटरचे तुकडे, दुपारनंतर वेगळ्या वाटीत ठेवा. बारीक पूड लवकर पुढे सरकते, जाड तुकडे आत रेंगाळतात आणि रात्रभर विरघळतात. कोंबड्या दुपारनंतर तो आपणहून जास्त खातात. खाद्यात मिसळू नका, प्रत्येकीची गरज वेगळी असते.

मग अंडी खरंच कमी होतात ती का? कोंबड्या सर्वांत जास्त खातात सकाळी उतरल्यावर आणि दांडीवर चढायच्या आधीच्या दोन तासांत. मालक कंटाळून चार वाजताच भांडं उचलतो आणि दुसऱ्या दिवशी नऊला ठेवतो. त्यात कोंबडीची दोन्ही मोठी जेवणं बुडाली. अंडी घटणारच, पण दोष उचलण्याचा नाही, घड्याळाचा आहे. उचलायचं शेवटची कोंबडी चढल्यावर, ठेवायचं पहिली उतरायच्या आधी. ज्यांनी माझ्याशी हा वाद सर्वांत जोरात घातला त्यांचं भांडं रात्रंदिवस भरलेलं असायचं, तरी अंडी कमीच. कारण अंडी उंदीर नेत होते. घरट्यात फुटलेलं कवच किंवा पिवळ्या बलकाचा ओघळ दिसला तर उंदराचा संशय घ्या. मागे काहीच उरलं नसेल तर साप आला असेल, तो अंडं अख्खं गिळतो. उंदीरही कधीकधी अख्खं अंडं लोटत नेतो, म्हणून आसपासच्या बिळांच्या तोंडाशी कवचं दिसतात का तेही बघा. सूर्यास्ताआधी अंडी गोळा केली की हा विषयच मिटतो.

भांडं छताला टांगून ठेवणं म्हणजे उचलणं नव्हे. दोरीवरून, साखळीवरून, जाळीवरून उंदीर सहज उतरतो. खाद्य ठेवायचं पत्र्याच्या डब्यात, घट्ट झाकणाच्या. प्लास्टिकचा पिंप कडेपासून कुरतडला जातो. आठ कोंबड्यांना दिवसाला एक किलोच्या आसपास खाद्य लागतं. अर्धं सकाळी, अर्धं दुपारनंतर घातलं तर संध्याकाळी उचलायला फारसं उरतच नाही. भांड्याची कड कोंबडीच्या पाठीच्या उंचीला ठेवा आणि एक तृतीयांशच भरा, नाहीतर चोचीनं उडवून निम्मं खाली पाडतात. खाली पडलेलं रोज झाडून काढा. भांडं उचलायचं आणि सडा तसाच ठेवायचा, तर उपयोग शून्य.

रोज उचलणं जमत नसेल तर पायपट्टीचा फीडर घ्या. पट्टीवर कोंबडी उभी राहिली की झाकण उघडतं. कोंबडी दीड-दोन किलोची, उंदीर पाव ते अर्ध्या किलोचा, म्हणून हे चालतं. पट्टी झाकणापासून लांब आणि अरुंद असलेला बघा. रुंद पट्टीवर तीन-चार उंदीर एकदम चढले की झाकण उघडतं. पहिले सात-आठ दिवस झाकण पूर्ण उघडं अडकवून ठेवा, पुढचे तितकेच दिवस अर्धं, मगच मोकळं सोडा. पहिल्याच दिवशी झाकण हललं की कोंबड्या बिचकतात आणि मग त्या फीडरजवळ फिरकत नाहीत. लोक फीडरला शिव्या घालतात, चूक घाईची असते.

आता सापळे. तुमचे रिकामे राहतात याची दोन कारणं. एक, बाजूला भरलेलं भांडं आहे. दुसरं, उंदीर ओळखीच्या जागेतल्या नव्या वस्तूला दिवसचे दिवस तोंड लावत नाही. पहिल्या रात्री सापडला तो बहुधा अननुभवी पिल्लू होता. भांडं बंद केल्यावर सहा ते दहा सापळे आणा. दोननं काही होत नाही. चार-पाच रात्री खटका न चढवता नुसतं आमिष ठेवा. आमिष रोज संपायला लागलं की एकाच रात्री सगळे चढवा. सापळा भिंतीला काटकोनात, आमिषाची बाजू भिंतीकडे, कारण उंदीर भिंतीला घासून धावतो. आमिष वाटाण्याएवढंच. शेंगदाण्याचं लोणी खटक्यात दाबून बसवा किंवा दाणा दोऱ्यानं बांधा, नाहीतर अलगद उचलून नेतो. आणि सापळा नेहमी खोक्यात, तोंडापासून निदान २५ सेंटीमीटर आत, आवाराच्या बाहेर. उघडा सापळा म्हणजे कोंबडीच्या चोचीला आमंत्रण. हातमोजे घालाच. माणसाचा वास लागतो म्हणून नव्हे, उंदराच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस होतो म्हणून.

बिळं शेवटी बुजवायची, आधी नाही. संध्याकाळी प्रत्येक भोकात कागदाचा बोळा कोंबा. सकाळी बाहेर फेकलेला दिसला तर बीळ चालू आहे. तीन-चार दिवस बोळा हलला नाही की दगडाचे तुकडे, जाळीचा चुरगळलेला तुकडा आणि वरून सिमेंट. फोम भरू नका, तो एका रात्रीत कुरतडतात. लाकडाचे ढीग, पालापाचोळा, कंपोस्ट आवाराला खेटून नको, निदान मीटरभर पट्टा मोकळा हवा. खुराड्याचा तळ जमिनीला टेकलेला असेल तर ३०–४५ सेंटीमीटर उचला. तळाखालची अंधारी, कोरडी जागा त्यांना फार आवडते.

जाळीबद्दल बहुतेकांची एकच चूक होते. षटकोनी कोंबडी जाळी कोंबड्या आत ठेवते, उंदीर बाहेर ठेवत नाही. जेमतेम २० मिलिमीटरच्या भोकातून मोठा उंदीर जातो, पिल्लू त्याहूनही लहान भोकातून. चौकोनी वेल्डमेश, म्हणजे सांधे वेल्ड केलेली ताठ तारेची जाळी, १२ मिलिमीटरची घ्या, तार एक मिलिमीटरची, पातळ नको. ही जाळी भिंतीच्या बुडापासून बाहेरच्या बाजूला जमिनीवर सपाट ४५ ते ६० सेंटीमीटर पसरा. दर ३० सेंटीमीटरला खुंटी ठोका, वर बोटभर माती टाका. उभ्या जाळीवर पाच-दहा सेंटीमीटर चढवून तारेनं घट्ट शिवा. पुष्कळजण ती आत दुमडतात, मग काही उपयोग होत नाही. उंदीर भिंतीला लागूनच खणतो, जाळी लागली की थोडं बाजूला सरकून पुन्हा तिथेच खणतो. अर्धा मीटर मागे जाऊन तिथून बोगदा काढायचं त्याला सहसा सुचत नाही. स्टेपल पिना वापरू नका, हिसक्यानं सुटतात. स्क्रू आणि वॉशर लावा. दाराखाली बोट जाईल एवढी फट असेल तर बाकी सगळी मेहनत वाया. तिथे पत्र्याची पट्टी मारा. घराघरात फिरणारा काळा उंदीर खणत नाही, चढतो, म्हणून छताच्या फटीही बघा.

विषाचं आता सविस्तर. ब्रोमॅडिओलोन, ब्रोडिफॅकम ही रक्त गोठू न देणारी विषं. खाल्ल्यावर उंदीर चार-पाच दिवसांनी किंवा त्याहूनही उशिरा मरतो, आणि तोवर मंदावून उघड्यावर फिरतो. कोंबडी शाकाहारी नाही. मंदावलेला छोटा उंदीर ती पकडून खाते, मग ते विष तिच्या पोटात आणि तिथून अंड्यात. असे उंदीर खाणारी घुबडं आणि मांजरं वेगळीच. झिंक फॉस्फाइड पोटातल्या आम्लाशी मिसळून फॉस्फिन वायू सोडतं. त्यावर उतारा नाही, आणि पक्ष्यांना ते फार घातक. शिवाय ज्या उंदरानं कमी खाल्लं आणि जो वाचला, तो पुन्हा त्या आमिषाला तोंड लावत नाही. कुलुपाच्या पेटीत ठेवलं तरी सुटं विष उंदीर उचलून बाहेर नेतात आणि वाटेत सांडतात. आणि भांडं भरलेलं असेल तर ते विष कशाला खातील?

समजा, सगळं जमून निम्मे मेले. उरलेल्यांना खायला तेवढंच आहे. गर्भकाळ २१ ते २३ दिवस, एका वेळी सहा ते बारा पिल्लं, मादी दोन-तीन महिन्यांत स्वतः विणारी. १९४० च्या दशकात अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात उंदरांचे अभ्यासक डेव्हिड डेव्हिस यांनी हेच दाखवलं होतं: नुसते मारले तर काही महिन्यांत येरे माझ्या मागल्या, खाणं आणि आसरा काढला तर संख्या खालीच राहते.

"मांजर पाळा" म्हणणारेही भेटतील. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातल्या एका कचरा केंद्रात मांजरं आणि उंदीर कॅमेऱ्यावर टिपले होते. ७९ दिवसांत मांजरांनी मारलेले उंदीर दिसले फक्त दोन. छोटी चिटुकली उंदरं मांजर आवडीनं मारते, पाव किलोच्या उंदराच्या वाट्याला शक्यतो जात नाही. आवाज करणारी यंत्रं आणि पुदिन्याचं तेल यावर पैसे घालवू नका.

आता अपवाद, जे आधीच सांगायला हवे होते. खुराड्यात पहाटे दिवा लावत असाल तर दिवा लागायच्या वेळी खाद्य हजर हवं. उबेच्या दिव्याखाली पेटीत ठेवलेली कोंबडीची पिल्लं रात्रीही खातात, त्यांचं भांडं उचलायचं नाही. तिथे उलट पेटीच बंद करावी लागते, सहा मिलिमीटरच्या जाळीनं सगळीकडून, कारण उंदीर पिल्लं मारतो. मांसल कोंबड्यांनाही रात्रीचं बंद करण्याचा हा सल्ला जसाच्या तसा लावू नका. बुटक्या, हलक्या जातींना पायपट्टीचा फीडर उघडत नाही. पाणी कडक उन्हाळ्यात उचलू नका. उंदरांच्या लेंड्या कोरड्या झाडू नका. ब्लीचच्या पातळ पाण्यानं आधी भिजवा, तोंडाला मास्क बांधा, मग उचला.

आणि सगळं झाल्यावर वजनकाटा लगेच फडताळात टाकू नका. महिन्यातून एका रात्री २०० ग्रॅम खाद्य तोलून आवारात ठेवा. पहाटे २०० भरलं तर सापळे पुसून ठेवा. १४० भरलं तर कुठेतरी फट राहिलीय. आधी दाराखालची बघा.